एका साध्या मोटारीची बखर

मोटारींच्या जगातही राजघराणी आहेत. रोल्स-रॉईस, मर्सिडीज, फेरारी यांची कवने गाणारे भाट कधी कमी पडले नाहीत. पण चार दारांची, मध्यमवर्गीयाच्या ऐपतीतली, दिसायला कारकुनाच्या सदऱ्यासारखी सरळसाधी आणि धावायला मात्र भलतीच चपळ अशी एक मोटार १९६७ साली जपानात जन्माला आली, तिचे चरित्र आपल्या वाचकांपुढे क्वचितच येते. तिचे नाव डॅटसन ५१०. मायदेशी ती 'ब्लूबर्ड' या गोजिरवाण्या नावाने विकली जाई.

डॅटसन म्हणताच आपल्याकडच्या अनेकांना २०१३ साली दिल्लीत गाजावाजाने दाखवलेली आणि २०२२ साली मुकाट्याने बंद झालेली छोटी मोटार आठवेल. तिच्यावरून घराण्याची पारख करणे म्हणजे नातवाच्या प्रगतिपुस्तकावरून आजोबांची विद्वत्ता ठरवण्यासारखे आहे!

या मोटारीची हकीकत सांगायची, तर आधी एका माणसाची सांगायला हवी. युताका कातायामा यांचा जन्म १९०९ सालचा. १९३५ मध्ये ते निस्सान कंपनीच्या जाहिरात खात्यात लागले. मोटार ही नुसती वाहून नेणारी वस्तू नव्हे, ती चालवण्यात आनंद असला पाहिजे, हे त्यांचे वेड. हिशेबी मंडळींच्या कंपनीत असला माणूस जरा अडचणीचाच असतो. १९५८ साली त्यांनी ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या खडतर स्पर्धेत दोन चिमुकल्या डॅटसन उतरवल्या; एकीचे नाव 'फुजी', दुसरीचे 'साकुरा'. फुजीने आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला. इतके करूनही तोक्योत त्यांचे बस्तान नीट बसले नाही. कंपनीतल्या प्रबळ युनियनशी त्यांचे सूत जमत नव्हते. १९६० साली त्यांची रवानगी अमेरिकेला झाली. बाजारपेठेचा अभ्यास हे निमित्त. खरे तर ती सभ्य भाषेतली हद्दपारीच होती.

त्या काळी अमेरिकेत जपानी मोटार म्हणजे थट्टेचा विषय. इंजिन अशक्त, ब्रेक बेताचे, थंडीत सकाळी सुरू होईल याची खात्री नाही. कातायामा स्वतः विक्रेत्यांच्या दारी हिंडले, तक्रारी ऐकल्या आणि त्या तोक्योला कळवल्या. १९६५ साली ते निस्सानच्या अमेरिकन कंपनीचे अध्यक्ष झाले.

इकडे जपानातही ब्लूबर्डला उतरती कळा लागली होती. त्या वेळच्या ब्लूबर्डचे रूप पिनिनफरिना या विख्यात इटालियन रूपकारांनी घडवले होते. पण तिची पाठ मागे उतरती होती, आणि शेपूट पाडून बसल्यासारखी दिसणारी ती मोटार जपानी गिऱ्हाइकाला रुचली नाही. टोयोटाच्या कोरोनाने तिला मागे टाकले. म्हणून नवी ब्लूबर्ड सरळ, रेखीव, जणू फूटपट्टीने आखलेली झाली. दाराच्या काचेपुढची ती तिकोनी खिडकीसुद्धा काढून टाकली होती.

मुख्य तंटा इंजिनाचा होता. जपानच्या अरुंद रस्त्यांना १३०० सीसीचे इंजिन पुरे, असा तिकडचा हिशेब. पण अमेरिकेतल्या हमरस्त्यावर शिरताना मागून भरधाव येणाऱ्या मोटारींच्या ओघात मिसळावे लागते. तिथे दुबळे इंजिन जिवाशी गाठ घालते. कातायामांनी १६०० सीसीचा हट्ट धरला. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू १६०० चा नमुना त्यांच्यासमोर होता. अखेर हट्ट पुरा झाला आणि अमेरिकेत गेलेल्या ५१० ला ९६ अश्वशक्तीचे इंजिन लाभले.

परंतु तिचे खरे मर्म पाठीमागच्या चाकांत आहे. स्वस्त मोटारींची मागची दोन चाके तेव्हा बहुधा एकाच कडक आसाला जखडलेली असत. बैलगाडीचेच तत्त्व ते! एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. ५१० मध्ये प्रत्येक चाक आपापले वरखाली होई, त्यामुळे वळणावर ते जमिनीला घट्ट धरून राही. अशी रचना तेव्हा महागड्या युरोपीय मोटारींत असे. (सामानासाठी केलेल्या तिच्या स्टेशन वॅगनला मात्र जुनाच आस दिला होता, काटकसर कुठे तरी व्हायचीच.) आणि किंमत? सुमारे दोन हजार डॉलर. जर्मन मोटार घ्यायची तर याहून बरेच अधिक मोजावे लागत.

पुढचा पराक्रम मैदानावरचा. १९७० साली पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली एडगर हेरमान आणि हान्स श्युलर यांनी याच जातीच्या मोटारीतून जिंकली. चिखल, धूळ आणि दगडधोंडे यांतून हजारो किलोमीटर धावण्याची ती स्पर्धा. केनियाच्या जोगिंदरसिंगांनी १९६५ मध्ये व्होल्वोतून जिंकली होती तीच. अमेरिकेत पीट ब्रॉक यांच्या चमूने ५१० सजवली आणि ४६ क्रमांकाच्या मोटारीत जॉन मॉर्टन बसले. १९७१ साली अडीच लिटरच्या आतल्या मोटारींच्या ट्रान्स-ॲम मालिकेत गाठ पडली ती खानदानी आल्फा रोमिओशी. लगुना सेका येथल्या अखेरच्या शर्यतीत आल्फाचे हॉर्स्ट क्वेच पहिले आले. परंतु तपासणीत त्यांच्या मोटारीत नियमापेक्षा जास्त पेट्रोल मावते असे निघाले आणि ते बाद ठरले. विजेतेपद डॅटसनकडे गेले. विजय वादातून मिळाला असे कोणी म्हणेल, तर पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मॉर्टन यांनी ते पुन्हा जिंकून तोंडे बंद केली.

मग ही मोटार मागे का पडली? एक कारण घरातलेच. १९६९ साली निस्सानने दोन आसनांची २४०-झेड काढली. ती इतकी देखणी, की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. जपानात त्या मोटारीला 'फेअरलेडी' म्हणत. अमेरिकन तरुण असले नाव मिरवणार नाही म्हणून कातायामांनी ते उतरवून नुसता आकडा ठेवला, हे त्यांचे चातुर्य. दुसरे कारण असे, की कुटुंबाच्या मोटारीत शर्यतीचा प्राण फुंकण्याचे श्रेय बीएमडब्ल्यूच्या पदरी पडले. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. बीएमडब्ल्यूने ती कल्पना दाखवली. ती मास्तर-कारकुनांच्या दारात नेली ५१० ने. शिवाय स्वस्त मोटार कोणी जपून ठेवत नाही. ती वापरतात, गंजवतात आणि भंगारात देतात.

आपल्याकडे ५१० अशी आलीच नाही. मात्र तिच्या गोत्राचा एक धागा मुंबईपर्यंत पोचला. प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९८५ साली काढलेल्या ११८-एनई मोटारीत निस्सानचे इंजिन होते. ते मात्र धाकट्या शाखेचे, बाराशे सीसीच्या आतले.

अमेरिकेत ५१० ची विक्री १९७३ पर्यंत चालली. तिच्यामागून आलेली मोटार आकाराने मोठी, वजनाने जड आणि स्वभावाने सुस्त होती. १९७७ साली कातायामा निवृत्त होऊन मायदेशी परतले. पुढे कंपनीने डॅटसन हे नावच पुसून टाकून सर्वत्र निस्सान लावले. १९९८ साली अमेरिकेने आपल्या मोटार-इतिहासाच्या मानकऱ्यांत कातायामांना बसवले. २०१५ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी, ते वारले.