कोल्हापूर ते माथेरान, कुणाच्या पैशानं?

२००५च्या मे महिन्यात आम्ही सगळे कोल्हापूरहून माथेरानला गेलो. मी आठ वर्षांचा होतो. आजोबा रेल्वेत गँगमन होते. रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलाच्या दोन्ही अंगांचा रूळ त्यांच्या गँगकडे असायचा. निवृत्तीनंतरचा पास त्यांनी कधी वापरला नव्हता, तो त्या वर्षी वापरायचाच असं आजीनं ठरवलं. सकाळची कोयना एक्स्प्रेस, संध्याकाळी कर्जत, तिथून लोकलनं नेरळ आणि दुसऱ्या दिवशी ती छोटी गाडी.

गाडीत बसल्या बसल्या मी बाबांना विचारलं, ‘ही कुणी बांधली?’

‘इंग्रजांनी.’

कोल्हापूर स्टेशनात हेच उत्तर मिळालं होतं, खंडाळ्याच्या बोगद्यातही हेच. पुढे कितीतरी वर्षं मी तेच धरून चाललो. तिन्हींपैकी एकच उत्तर बरोबर होतं, आणि तेही अर्धंच.

मिरज-कोल्हापूर मार्ग कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या पैशानं बांधला. १८८८ मध्ये कामाचा आरंभ शाहू महाराजांच्या हस्ते झाला. तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, राज्याचा अधिकार हाती यायला आणखी सहा वर्षं होती. १८९१ मध्ये गाडी धावली. चालवायला सदर्न मराठा रेल्वे कंपनी, मालकी मात्र संस्थानची. रूळ मीटर गेज होते, ते १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाले. आजोबा त्या कामावर होते.

बोरघाट १८६३चा, जीआयपी रेल्वेचा. ही कंपनी खरोखरच इंग्रजांची. पण तिच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती, आणि कमाई कमी पडली की ती भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून जायची. म्हणजे जोखीम रयतेची. बाबांचं उत्तर अर्धं म्हणतो ते यासाठी.

माथेरानचं प्रकरण निराळंच. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तिथं पोचले आणि साहेबलोकांना थंड हवेची जागा मिळाली. पण पुढची पन्नासेक वर्षं वर जायचं ते घोड्यावर, पालखीत नाहीतर पायी. रेल्वे आणली मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं. मुलगा अब्दुल हुसेन यानं काम अंगावर घेतलं, सोळा लाख रुपये घातले. १९०४ला सुरुवात, मार्च १९०७ मध्ये गाडी माथेरानात. सोळा लाख, त्या काळचे!

डोंगर फोडायला पैसा लागतो, म्हणून हा मार्ग डोंगराला वळसे घालत जातो. सगळ्या वाटेत बोगदा एकच. दोन फुटी गेज, वीसला एक असा चढ आणि इतकी अवघड वळणं, की साधं इंजिन तिथं अडलंच असतं. ऑरेनस्टाइन अँड कोपेलच्या इंजिनांत पुढचा आणि मागचा आस पोकळ होता. त्याच्या आत दुसरा दांडा, मधे गोल सांधा. त्यामुळे वळणावर चाकं थोडी तिरपी होत, पण जोर तुटत नसे. इंजिनिअरिंगला असताना या आसाची आकृती सापडली, तेव्हा परीक्षेचा अभ्यास सोडून मी रात्रभर तीच बघत बसलो होतो.

आजोबांनी डोंगराकडे फारसं पाहिलंच नाही. ते खिडकीतून खाली बघत होते. जुम्मापट्टी गेल्यावर म्हणाले, ‘रूळ काय बघतोस पोरा, मोऱ्या बघ. पाण्याला वाट दिली की रूळ ऱ्हातोय.’ मग मी मोऱ्या मोजायला लागलो आणि अमन लॉजच्या आधीच झोपलो.

दोन महिन्यांनी, २६ जुलैला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नेरळ-माथेरान मार्गही त्याच पावसात ठिकठिकाणी वाहून गेला. इकडे पंचगंगेला पूर होता. पेपरात फोटो आला, खालची जमीन गेलेली आणि रूळ स्लीपरसकट अधांतरी लटकलेले. आजोबांनी तो पेपर बरेच दिवस रद्दीत जाऊ दिला नाही.

गाडी पुन्हा सुरू झाली ती मार्च २००७ मध्ये, शंभरी भरता भरता. ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली.

‘गँगा किती लावल्या हुत्या, लिवलंय काय?’ त्यांनी विचारलं.

मी बातमी पुन्हा वरपासून वाचली. तारीख होती, इंजिनाचा फोटो होता. गँगांचं काही नव्हतं.