टीव्हीच्या मागची तार



मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका बचत गटाची बैठक होती. शेळीपालनाची फिल्म मी लॅपटॉपवर घेऊन गेले होते. बाया अठरा आणि पडदा वहीएवढा. पुढच्या पाचजणींना शेळी दिसली, मागच्यांना पुढच्यांचे अंबाडे. ज्यांच्या पडवीत बसलो होतो त्या काकू म्हणाल्या, "आमच्या टीव्हीला जोडता येत नाही का गं हे?" जोडता येतं. पण तार त्यांच्या मुलाच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि मुलगा कॉलेजात. तो येईपर्यंत तासभर बसून राहिलो. काकूंच्या सासूबाईंनी जुन्या टीव्हीच्या गोष्टी काढल्या. त्यातून आजचं हे बोलणं सुचलं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे १९७५-७६ मध्ये सरकारने उपग्रहावरून सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग केला. सहा राज्यं निवडली, त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्या सोलापूरला लागून असलेल्या विजापूर भागात मात्र तो पोचला. शाळेपुढे टीव्ही, समोर सगळं गाव. शेती, आरोग्य, मुलांचे पाठ, सगळं त्यात होतं. आपल्याकडच्या बऱ्याच गावांना वाट पाहावी लागली. १९८४ च्या सुमाराला देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, तेव्हा कुठे घराघरावर अँटेना दिसू लागल्या. सासूबाई सांगत होत्या, नवरा पत्र्यावर चढून पाइप फिरवायचा आणि त्या खालून ओरडायच्या, "आलं, आलं... गेलं! मुंग्या आल्या!" १९८७ मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा त्यांच्या घरात तीस-चाळीस माणसं बसायची. पुरुष आणि पोरं पुढे, बाया दारात. चुलीवर भाकरी असली तर तेवढा भाग गेलाच. 'आमची माती आमची माणसं' मध्ये उपयोगाचं पुष्कळ सांगत, पण सांगणारा थांबायचा नाही. "परत सांगा" म्हणायची सोय टीव्हीत नव्हती.

मग व्हीसीआर आला. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि रात्रभर तीन पिक्चर पाहायचे, हे माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या बायांना आठवत असेल. त्यात कॅसेट थांबवता यायची, मागेही घेता यायची. पण मशीन भाड्याचं आणि बटणापाशी मशीनवाला. कोणता पिक्चर लावायचा ते मंडळ ठरवणार. माझ्या लहानपणी त्याच्या जागी सीडी प्लेअर आला. त्याच्या तीन पिना तुम्ही पाहिल्या असतील. पिवळीतून चित्र जातं, लाल-पांढरीतून आवाज. आमच्याकडे पिवळी लालच्या जागी लागली की टीव्ही घूं घूं करायचा आणि वडील मला हाक मारायचे. त्या तारा घरात मला एकटीलाच नीट लावता यायच्या. याचा मला अजून अभिमान आहे, हसू नका.

कॉम्प्युटरचं नातं टीव्हीशी फार जुनं आहे, हे मला बीए होऊन नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. १९८२ मध्ये इंग्लंडात घरगुती वापराचे छोटे कॉम्प्युटर विकायला आले, त्यांना स्वतःचा पडदाच नव्हता. अँटेनाच्या जागी त्यांची तार लावायची आणि घरचा टीव्हीच पडदा म्हणून वापरायचा. पुढे कॉम्प्युटरला स्वतःचा पडदा मिळाला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आपला जुना डबा टीव्ही एक रेघ सोडून एक रेघ असं चित्र काढायचा, म्हणून कॉम्प्युटरची बारीक अक्षरं त्याच्यावर थरथरत. नंतर सपाट टीव्हीला निळ्या पिनेची जाड तार लागू लागली, पण तिच्यातून नुसतं चित्र जातं. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपच्या पोटात, अशी एक अख्खी बैठक मी काढलेली आहे.

चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणारी एचडीएमआय २००२ साली ठरली. आपल्या घरांत ती पुष्कळ उशिरा आली. काकूंच्या कपाटात होती ती हीच.

मधे २०२० चा लॉकडाऊन येऊन गेला. शाळा बंद, मोबाइल एक आणि पोरं तीन. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागू लागली आणि टीव्हीवर पुन्हा पाठ आले. पण ठरलेल्या वेळेला वीज गेली की त्या दिवसाचा पाठ गेला. त्याच वर्षी आपल्या नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे 'आपली आजी' म्हणून यूट्यूबवर गाजल्या. नातवाने मोबाइलवर त्यांचा स्वयंपाक टिपला आणि तो लोकांनी घरोघरी पाहिला. आपल्याच भागातली बाई, आपलीच भाषा, आणि मसाला किती घातला ते कळलं नाही तर मागे घेऊन पुन्हा पाहता येतं.

तर, मुलगा आला. त्याने तार लावली, फिल्म सुरू झाली. करडू जन्मलं की तासाभरात त्याला चीक पाजायचा, जार पडायची वाट पाहायची नाही, असा भाग आला. मागे बसलेली एकजण म्हणाली, "ताई, मागं घे." घेतलं. "अजून एकदा." असं चार वेळा झालं. आमच्याकडे जार पडल्याशिवाय करडाला आचळाला लावत नाहीत. तिची दोन करडं गेल्या थंडीत गेली होती. पाचव्यांदा ती काही बोलली नाही, मी आपणहूनच लावलं.

पुढच्या बैठकीत गटाने ठराव केला. वहीत लिहिलं आहे: एचडीएमआय तार, नग १, २५० रुपये. ती काकूंच्या फडताळात असते, कुलूप नाही. जोडलीही काकूंनीच. आधी उलटी धरली. तिची एक बाजू अरुंद असते, ती पाहून मग सुलटी बसवली. रिमोटवर सोर्स दाबून एचडीएमआय निवडलं. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं. चित्र आलं, आवाज येईना. सगळ्याजणी तारेकडे पाहायला लागल्या. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुपारी झोपताना आवाज मीच बंद केला होता."