पेरोलमध्ये करिअर करायचंय? सॉफ्टवेअरच्या आधी ही ५ कौशल्यं शिका

पगार जमा झाल्याचा एसएमएस आला की आपण रक्कम बघतो आणि मोबाईल खिशात टाकतो. ती रक्कम ठरवण्याचं काम म्हणजे पेरोल. हजेरी गोळा करण्यापासून कपाती करून पगार बँकेत जाईपर्यंत सगळं त्यात येतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, गाव गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात. बी.कॉम. झालेली आमच्याकडची पोरं मला हमखास विचारतात, "दादा, पेरोलसाठी कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" माझं उत्तर असं की सॉफ्टवेअर गुणाकार करतं, पण कशाला कशाने गुणायचं हे माणूसच ठरवतो. म्हणून आधी ही ५ कौशल्यं शिका.

१. कपातीचे नियम

समजा एकूण पगार ३०,००० रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २४,००० आहेत. पीएफ १२ टक्के, म्हणजे २,८८० रुपये. पण बऱ्याच कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ कापतात, तेव्हा तो १,८०० होतो. दोन्ही पद्धती नियमात बसतात. आपल्या कंपनीत कोणती आहे आणि का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

दुसरी कपात व्यवसाय कराची. महाराष्ट्रात या पगारावर तो महिन्याला २०० रुपये असतो, फेब्रुवारीत मात्र ३००. कारण राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. २०० गुणिले ११ अधिक ३००, हिशोब बरोबर २,५०० वर येतो. राज्यात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर लागत नाही. राज्य बदललं की व्यवसाय कराचे नियमही बदलतात.

२. एक्सेल आणि हिशोबाची शिस्त

दोन दिवस बिनपगारी रजा झाली तर किती कापायचे? महिना ३० दिवसांचा धरला तर २,००० रुपये. २६ दिवसांचा धरला तर साधारण २,३०८. सूत्र सोपंच आहे, पण कंपनीचं धोरण न वाचता लावलं तर कुणाचे तरी ३०८ रुपये जातात. सोबत व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल शिका, म्हणजे मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा पगार शेजारी ठेवून फरक शोधता येतो. लॅपटॉप नसेल तरी चालेल, मोबाईलवर गूगल शीट्समध्ये सराव होतो.

३. माहितीची पडताळणी

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या राज्यात जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या शिक्षकांचा पगार 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालीतून निघतो. त्यासाठी प्रत्येकाला शालार्थ आयडी मिळतो. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण गाजलं. बनावट कागदपत्रांवर आयडी तयार करून अपात्र लोकांच्या नावे सरकारी पगार उचलल्याचा आरोप झाला आणि शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटकही झाली. आपला गोंदिया जिल्हा याच विभागात येतो.

यातून शिकायचं काय? नाव एकदा यादीत घुसलं की सॉफ्टवेअर दर महिन्याला निमूटपणे त्याचा पगार काढतं. म्हणून नवीन नाव चढवताना मूळ नेमणूक आदेश बघायचा. आणि यादी बनवणारा व मंजूर करणारा ही दोन वेगळी माणसं हवीत.

पडताळणी छोट्या गोष्टींतही लागते. आधार आणि पीएफच्या नोंदीत नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर पैसे काढताना अर्ज अडकतो. गाव सोडून नागपूर-पुण्याला कामाला गेलेल्या माणसाला त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. रुजू होतानाच हे तपासलं तर पाच मिनिटांत मिटतं.

४. तारखा पाळणे

पगारातून कापलेला आयकर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. पीएफ आणि ईएसआयसाठी १५ तारीख. उशीर झाला की कंपनीला व्याज आणि दंड लागतो. शिवाय कर्मचाऱ्याला उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दिसतं, त्यामुळे पैसे भरले की नाही हे त्यालाही कळतं.

५. गुप्तता आणि बोलणं

कुणाला किती पगार हे तुम्हाला माहीत असतं, पण ते चहाच्या टपरीवर बोलायचं नसतं. पगाराची शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, फाईलला पासवर्ड ठेवायचा. आणि कुणी "साहेब, या महिन्यात पैसे कमी का आले?" असं विचारलं, तर "सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय" हे उत्तर होत नाही. पगारपत्रकातली ओळ दाखवून साध्या मराठीत समजावता आलं पाहिजे.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या कुणाची तरी पगारपावती मागून घ्या. फक्त एकूण पगाराचे आकडे गूगल शीट्समध्ये भरा आणि हातात येणारी रक्कम स्वतः काढून बघा. पावतीशी जुळली तर उत्तम. नाही जुळली तर कोणत्या ओळीत फरक आहे ते शोधा. ही सवय लागली की टॅली असो की दुसरं कुठलं पेरोल सॉफ्टवेअर, शिकायला फार दिवस लागत नाहीत.