मेंढ्याची सावकाश सभा

१९८६ सालीं रोममधील एका प्रसिद्ध चौकांत अमेरिकन धर्तीचें झटपट खाद्यगृह निघालें, त्यास विरोध झाला आणि त्यांतून संथ भोजनाची चळवळ उभी राहिली. १९९९ मध्यें इटलींतील चार लहान नगरांनीं तोच विचार नगरजीवनास लावला. ही संथता बव्हंशीं सुस्थितांची आवड होय. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंडांचें गांव आहे. तेथील संथता गरजेंतून आली.

हा जिल्हा १९८२ सालापर्यंत चंद्रपुरांतच होता. त्याच दशकांत इंचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांविरुद्ध चळवळ झाली आणि आपल्या अरण्याचा विचार आपणच केला पाहिजे, ही जाणीव मेंढ्यांत बळावली. गांवचे देवाजी तोफा आणि सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचा तींत मोठा वांटा होता. दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार, ही घोषणा पुढें सर्वतोमुखीं झाली. घोषणा करणें सोपें. गांवानें तिला जी रीत जोडली, तीच खरी कसोटीची. ग्रामसभेंत मतें मोजावयाचीं नाहींत, सर्वांची संमति हवी. एकाचाहि विरोध असला तरी विषय पुढल्या सभेवर जातो. शिवाय अभ्यासगट निराळा असतो. तेथें जाणत्या पाहुण्यासह चर्चा होते, परंतु निर्णय मात्र एकहि घेतला जात नाहीं. जाणत्यानें सांगावें आणि गांवानें मान डोलवावी, हा धोका अशा रीतीनें टळतो. बहुमतानें घटकाभरांत उरकणारें काम येथें कित्येकदां फार रेंगाळतें, हें कबूल केलें पाहिजे. पण हरलेला पक्ष मागें उरत नाहीं, म्हणून ठरलेलें मोडण्यासहि कोणी टपलेला नसतो.

या धिम्मेपणाची परीक्षा बांबूनें पाहिली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं गांवास सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यानें बांबूस गौण वनोपज म्हटलें होतें. १९२७ च्या वन अधिनियमाच्या व्याख्येंत मात्र तो वृक्षांत मोडत असे! (वनस्पतिशास्त्र त्यास गवत म्हणतें, ही गोष्ट अलाहिदा.) या वादांत वाहतुकीचा परवाना अडला. हक्क कागदावर आणि बांबू रानांत, असें दोन वर्षें चाललें. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं मेंढ्यास येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें.

दोन वर्षांनीं, २०१३ मध्यें, गांवानें १९६४ च्या ग्रामदान कायद्यानुसार खासगी जमिनीहि ग्रामसभेस अर्पण करण्याचा निर्णय घेतला. कसणारा तोच राहिला. जमीन बाहेरच्यास विकण्याची वाट तेवढी बंद झाली. बापजाद्यांच्या शेतावरची मालकी सोडावयाची, तीहि एकजात सर्वांनीं. अशा निर्णयास किती बैठका लागत असतील, याची कल्पना भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या कोणासहि करतां येईल.