हिब्रू लिपी : परकी नावांचे लेखन

माढा तालुक्यातले टेंभुर्णी हिब्रूत लिहायचे, तर उजवीकडून सुरुवात करून तेत, मेम, बेत, हे, वाव, रेश, नून, योद अशी आठ अक्षरे मांडावी लागतात. (यातले ‘हे’ अक्षराचे नाव, सर्वनाम नव्हे.) ‘टे’चा एकार यात कुठेच नाही. ‘ण’ला वेगळे अक्षर नसल्याने तो नूनमध्येच जिरतो. ‘भ’ही नाही, म्हणून बेतला ‘हे’ची जोड. शिवाय बेत ‘ब’ही असतो आणि ‘व’ही, गाव ठाऊक नसलेला वाचक ‘तमवाहुर्नी’ म्हणाला, तर चूक त्याची नव्हे.

अक्षरे २२, सगळी व्यंजने. काफ, मेम, नून, पे आणि त्सादी यांना शब्दाच्या शेवटी निराळे रूप असते. वाव, योद, आलेफ, ‘हे’ यांच्यावर स्वरांचे काम निभावते. नेमका उच्चार दाखवणाऱ्या टिंबा-रेघांना निकूद म्हणतात; इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात तिबेरियास येथील पंडितांनी त्यांची एक पद्धत घडवली. धर्मग्रंथ, कविता आणि मुलांची पुस्तके यांत निकूद दिसते, रोजच्या वर्तमानपत्रात नाही.

परक्या नावांतल्या ‘क’ला बहुधा कोफ आणि ‘ट’ला तेत लावतात. मराठी ‘त’ही तेतच घेतो, म्हणजे दोघांचा भेद गेला. दिलीप या नावाच्या शेवटी पेचे नेहमीचेच रूप ठेवतात. अंत्य रूप दिले की दिलीपचा ‘दिलीफ’ होतो. ‘च’च्या बाबतीत मात्र हिब्रू मराठीहून काटेकोर. ‘चूल’मधल्या दंततालव्य ‘च’ला साधे त्सादी पुरते, चव्हाणांच्या ‘च’ला त्सादीशेजारी गेरेश ही छोटी तिरकी खूण लागते. देवनागरीत दोन्ही एकाच चिन्हावर भागतात.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने गावांवरून आडनावे घेतली : पेणचे पेणकर, किहीमचे केहिमकर. पेणकर म्हणजे पे, नून, कोफ, रेश, एवढी चारच अक्षरे. त्यांतली शेवटची दोन सुटी वाचली तर ‘कर’, आणि हिब्रूत त्याचा अर्थ थंड!

या समाजाला हिब्रू शिकवताना मराठीचाच आधार घेतला गेला. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी अनेक हिब्रू ग्रंथ मराठीत आणले. वल्हांडणाच्या सणाला वाचायची हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर अशी छापली गेली.

त्या पुण्याचे हिब्रू लेखन पे, वाव, नून, ‘हे’. हीच चार अक्षरे ‘पोने’ अशी वाचली की अर्थ होतो ‘वळतो’. रस्त्याच्या माहितीत हा शब्द आला, तर शहर की वळण हे मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरते.