तिसऱ्या लिंगाचं मूळ

मडगावला मराठी शिकवताना दरवर्षी एक प्रश्न हमखास यायचा : "बाई, हिंदीत दोनच लिंगं, मग आपल्याकडे तिसरं कशाला?" मी मुलांना जवळच्या राशोलला घेऊन जायची, आणि सेमिनरीच्या टेकडीवर बसून थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगायची.

हा इंग्रज जेझुइट १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. मडगाव-राशोलच्या या साष्टी भागातली देवळं पाडून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. ती जखम बाजूला ठेवून ही गोष्ट सांगता येत नाही. पण साष्टीत राहून स्टीफन्स इथली भाषा मनापासून शिकला. पुढे त्याने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली राशोललाच रोमन लिपीत छापलं गेलं. त्याच्याही आधी, १५८३मध्ये, त्याने भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहून कळवलं होतं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते. कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्याचं मांडलं ते १७८६ साली. स्टीफन्सचं पत्र मात्र विसाव्या शतकापर्यंत छापलंच गेलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

स्टीफन्सने ते पत्र लिहिलं त्याच सुमारास फिलिप्पो सासेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी कोची-गोव्याकडे होता. संस्कृत आकडे त्याला घरचे वाटले : सप्त-सेत्ते, अष्ट-ओत्तो, नव-नोवे. १५८८ साली तो गोव्यातच वारला.

मग मी मुलांना लॅटिन शब्द ऐकवायची. दुओ, सेप्तेम, देकेम. नोमेन म्हणजे नाव. 'तू' तर लॅटिनमध्येही 'तू'च. आता शेजारची कन्नड घ्या : ओंदु, एरडु, मूरु. तिच्याकडून आपण अक्का घेतली, अण्णा घेतला, पण ती उसनवारी. कन्नडचं कूळ द्राविड. आकडे, सर्वनामं, शब्दांचे प्रत्यय यांत रक्ताचं नातं दिसतं. म्हणून फारसी, रशियन, लिथुआनियन, आर्मेनियन, वेल्श या दूरदेशीच्या भाषा आपल्या चुलत बहिणी ठरतात, आणि युरोपच्या मधोमध नांदणारी हंगेरियन आपल्या कुळात बसत नाही.

आणि ते तिसरं लिंग? संस्कृत, ग्रीक, लॅटिन तिघींतही ते होतं. हिंदीने टाकलं; मराठी, कोंकणी, गुजराती यांनी जपलं. लॅटिनवर पोसलेल्या स्टीफन्सला साष्टीत ते ऐकताना किती ओळखीचं वाटलं असेल!

एका वर्षी एक शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या माळ्यावर आजोबांचं जू आहे. 'ते जू'च ना?" मी फळ्यावर चार शब्द लिहिले : संस्कृत युगम्, ग्रीक झुगोन, लॅटिन युगुम, मराठी जू. चारही नपुंसकलिंगी. दुसऱ्या दिवशी ती आणि तिचा भाऊ ते जू दोन टोकांना धरून वर्गात घेऊन आले.