न्युर्नबेर्गचा नदीकाठ : व्योर्डर वीझे आणि व्योर्डर झे



उन्हाळा सुरू झाला की एर्लांगेन परिसरातल्या मराठी घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. भारतातून आलेल्या आई-बाबांना जवळपास कुठे न्यायचे, आणि मुलांना पाण्यात कुठे खेळू द्यायचे? दोन्हींचे उत्तर रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. न्युर्नबेर्गच्या जुन्या शहराला लागून पेग्निट्झ नदीच्या काठी व्योर्डर वीझे हे विस्तीर्ण कुरण आहे आणि त्याच्या पूर्वेला व्योर्डर झे हा तलाव. नवीन आलेल्या मंडळींसाठी या जागेची माहिती एकत्र देत आहे.

थोडा भूगोल

पेग्निट्झ न्युर्नबेर्ग शहराच्या मधोमध पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. पुढे फ्युर्टमध्ये तिचा रेड्निट्झ नदीशी संगम होतो आणि तिथून नदीचे नाव रेग्निट्झ होते. हीच रेग्निट्झ आपल्या एर्लांगेनच्या पश्चिमेकडून उत्तरेला वाहत जाऊन बांबेर्गजवळ माइन नदीला मिळते. म्हणजे व्योर्डर झेवर दिसणारे पाणी पुढे आपल्याच गावावरून जाते.

तलाव का बांधला?

व्योर्डर झे नैसर्गिक नाही. फेब्रुवारी 1909 मध्ये पेग्निट्झला मोठा पूर आला आणि जुने शहर पाण्याखाली गेले. पुण्याच्या लोकांना 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर जसा आठवतो, तसा न्युर्नबेर्गच्या इतिहासात 1909 चा पूर आहे. शहराचे पुरापासून रक्षण व्हावे आणि लोकांना फिरायला जागाही मिळावी, म्हणून 1968 ते 1981 या काळात नदी अडवून हा तलाव तयार झाला. त्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग आहेत.

बिघडले काय आणि सुधारले कसे?

अडवलेल्या नदीचे दुखणे सगळीकडे सारखेच. पाणी संथ झाले की सोबतचा गाळ खाली बसतो. गाळ बसला की खोली कमी होते आणि उथळ पाणी उन्हात लवकर तापते. त्यात शेतीतून आणि वस्तीतून आलेली पोषकद्रव्ये मिसळली की शेवाळ माजते, ते कुजते आणि दुर्गंधी सुटते. आपल्याकडच्या नद्यांवर जलपर्णी पसरते त्यामागेही साधारण हेच गणित असते. व्योर्डर झेच्या काठावर राहणाऱ्यांची उन्हाळ्यात हीच तक्रार असे.

2010 नंतर बायर्न राज्य सरकारने 'वासरवेल्ट व्योर्डर झे' (म्हणजे 'जलविश्व व्योर्डर झे') हा प्रकल्प हाती घेतला. नुसता गाळ काढून भागत नाही, कारण काही वर्षांत तो पुन्हा साचतो. त्यामुळे इथे नदीचा प्रवाह वाहता ठेवण्यावर भर दिला गेला. पात्रात बेटे आणि उथळ किनारे तयार झाले. पक्ष्यांना आणि माशांना जागा मिळाली, आणि पूर्वी जिथे सरळसोट काठ होता तिथे पाण्यापर्यंत उतरता येऊ लागले. दक्षिण काठावर नोरिकुस या उंच निवासी इमारतींसमोर एक छोटी खाडी बांध घालून तलावापासून वेगळी केली आहे. तिला नोरिकुस-बुख्त म्हणतात. वाळूचा किनारा आणि उथळ पाणी असल्याने लहान मुलांची इथे चंगळ असते.

कसे जावे?

- एर्लांगेनहून रीजनल गाडी किंवा एस-बान एस-1 ने न्युर्नबेर्ग हाउप्टबानहोफ. तिथून यू-2 किंवा यू-3 ने पुढचेच स्टेशन 'व्योर्डर वीझे'.
- या दोन्ही मेट्रो चालकाविना धावतात. यू-3 ही 2008 साली सुरू झालेली जर्मनीतली पहिली चालकविरहित मेट्रो. मुलांना अगदी पुढच्या काचेशी उभे करा, अर्धी सहल तिथेच वसूल!
- कुटुंबासाठी व्हीजीएनचे 'टागेसटिकेट प्लस' सोयीचे. जास्तीत जास्त 6 जण, त्यांत 18 वर्षांवरील फक्त दोघे. शनिवारी काढलेले तिकीट रविवारीही चालते. आई-बाबा सोबत असतील तर मोठी माणसे चार होतात, तेव्हा तिकिटे दोन लागतील हे लक्षात ठेवा.
- डॉइचलांडटिकेट आयसीई गाडीत चालत नाही. एर्लांगेनला काही आयसीईसुद्धा थांबतात, त्यामुळे घाईत चढताना गाडी नीट बघा.
- मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहेत. बाबागाडी असली किंवा गुडघे दुखत असले तरी अडचण येत नाही.

काय पाहाल?

स्टेशनातून बाहेर पडलात की समोर व्योर्डर वीझे. सतरंजी अंथरून पुऱ्या-बटाट्याची भाजी खायला उत्तम जागा! उन्हाळ्यात इथे महापालिकेचे 'एरफारुंग्सफेल्ड' भरते. ध्वनी, प्रकाश, तोल, स्पर्श यांचे प्रयोग मुलांना स्वतः करून पाहता येतात. त्याला प्रवेश-शुल्क असते.

पूर्वेकडे चालत गेलात तर तलाव आणि त्याभोवतीची पायवाट. पश्चिमेकडे गेलात तर नदीच्या सोबतीने जुने शहर. आई-बाबांबरोबर दुसरा रस्ता जास्त चांगला. साधारण दोन किलोमीटरच्या या वाटेवर :

- इन्झेल श्युट हे नदीतले बेट.
- हायलिग-गाइस्ट-श्पिटाल. 1339 साली स्थापन झालेले हे रुग्णालय, ज्याचा काही भाग कमानींवर थेट नदीवर उभा आहे. पवित्र रोमन साम्राज्याचा मुकुट व इतर राजचिन्हे 1424 ते 1796 या काळात इथल्याच चर्चमध्ये ठेवलेली होती.
- केटेनश्टेग. 1824 चा लोखंडी साखळ्यांचा झुलता पूल. युरोपच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत जुना टिकलेला साखळी-पूल मानतात. 2010 मध्ये दुरुस्ती होऊन तो पुन्हा मोकळा झुलू लागला.
- हालरवीझे. हे कुरण शहराने 1434 साली लोकांसाठी विकत घेतले. सार्वजनिक बागेची कल्पना इथे किती जुनी आहे बघा!

परतताना वाइसर टुर्म स्टेशनवरून यू-1 ने हाउप्टबानहोफ गाठता येते.

पाण्याबाबत सावधगिरी (कृपया हा भाग वगळू नका)

आपल्यापैकी अनेकांना पोहता येत नाही. संथ दिसणारे पाणी पाहून आपण निर्धास्त होतो, आणि धोका तिथेच असतो.

- पाण्यात उतरायचे असेल तर नोरिकुस-बुख्तमध्येच, आणि तिथला फलक वाचून. 'बाडेन फेरबोटेन' म्हणजे पोहण्यास मनाई.
- बंधाऱ्याजवळ मुळीच जाऊ नका. बंधाऱ्याखाली पाणी गोल फिरत राहते आणि पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटू शकत नाही.
- मुलाला 'झेफेर्डशेन' बिल्ला मिळाला म्हणजे ते पोहायला शिकले असे नाही. जर्मन जीवरक्षक संघटना डीएलआरजीच्या मते 'ब्रॉन्झ' बिल्ला मिळाल्यावरच मूल सुरक्षित पोहू शकते असे समजावे.
- बुडणारे मूल ओरडत नाही. लहान मुलांपासून हाताच्या अंतरावर राहा आणि मोबाइल पिशवीत ठेवा. 'सगळेच बघतायत' अशा मोठ्या ग्रुपमध्ये प्रत्यक्षात कोणीच बघत नसते, म्हणून पाळीपाळीने एकाने लक्ष ठेवायचे असे आधीच ठरवा.
- पोहता न येणाऱ्याने वाचवायला उडी मारू नये. तरंगणारी वस्तू फेका आणि 112 ला फोन करा.

आणि आपल्या नद्या?

इथे फिरताना पुण्याचा विषय निघतोच. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या सुमारे 44 किलोमीटर काठाच्या सुधारणा प्रकल्पाची पायाभरणी 2022 मध्ये झाली. पात्र अरुंद होऊन पूर वाढेल का, किती झाडे जातील, आधी सांडपाणी का थांबवत नाही, असे आक्षेप नागरिकांनी घेतले. दोन्ही नद्यांची तुलना सरळ होत नाही, कारण पेग्निट्झला आपला पावसाळा माहीत नाही. पण व्योर्डर झेवरून एक गोष्ट शिकता येते. नुसता काठ बांधला म्हणजे नदी सुधारली असे होत नाही. पाणी वाहते आणि स्वच्छ राहिले, तरच लोक काठावर येतात. न्युर्नबेर्गला हे उमजायला तीसेक वर्षे आणि दुसऱ्यांदा खर्च लागला.

वेळ कमी असेल तर

एर्लांगेनच्या उत्तरेला म्योरेनडॉर्फला सायकलने जाऊन या. रेग्निट्झवर तिथे शेतीला पाणी देणारी लाकडी चाके मे ते सप्टेंबर फिरत असतात. एके काळी या खोऱ्यात अशी शेकडो चाके होती, आता मोजकीच उरली आहेत. आजी-आजोबांना वेगळे काही सांगावे लागणार नाही. पाहताक्षणी म्हणतील, "अरे, हा तर आपला रहाट!"

सहलीसाठी शुभेच्छा!